जुन्या पुलाच्या पायाशी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढे जुन्या पुलांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. तपासणी म्हटली की कमानीत उगवलेला पिंपळ सगळ्यांना दिसतो. मी भू-तांत्रिक अभियंता. माझं काम त्याखालचं. खांब नेमका कशावर टेकलाय, ते पाहायचं. पण पाहायला जाताना आपणच त्याला इजा करू शकतो.

जुन्या पुलाचे नकाशे बहुधा मिळतच नाहीत. म्हणून खांबालगत खड्डा घेऊन पायाचा तळ शोधतात. हा खड्डा लहान हवा, एका वेळी एकाच खांबापाशी, आणि तळ दिसला की तिथंच थांबायचं. त्याखाली खणलं, तर ज्या मातीवर खांब उभा आहे तीच मोकळी होते. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल गेला, तर बाजूंना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय मजुराला आत उतरवू नये. ओली माती ढासळताना हाक मारायलाही वेळ देत नाही.

बोअरचं यंत्र पुलावर चढवायचं, तर त्याचं वजन कमानीला पेलेल का, हे आधी पाहावं लागतं. कमानीवरचा भराव मुरूम-दगडांचा, सांधे चुन्याचे. बोअरमध्ये सोडलेलं पाणी हा भराव आतून धुऊन नेतं. शिवाय प्रमाणित चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन:पुन्हा आदळतो. म्हणून जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पट्टी तडकली की काम बंद. बोअरवाल्याला पैसे मीटरच्या हिशेबानं मिळतात, त्याला थांबणं परवडत नाही. तेव्हा थांबल्याचे पैसे करारातच धरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुलाच्या तोंडाशी पाण्याची पाइपलाइन आणि विजेच्या केबल असतातच. तिथं आधी हातानं खणून बघायचं, मग यंत्र लावायचं.

राहिली नदी. वरच्या धरणातून पाणी कधी सोडणार, हे रोज सकाळी फोन करून विचारावं. सावित्रीसारख्या नदीत महाबळेश्वरच्या डोंगरातला पाऊस आणि खाडीची भरती, दोन्ही पाहावी लागतात. काठावर शिट्टी देऊन एक माणूस बसवावा. त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नये, चहा आणायचंसुद्धा.