मुहर्रकचे सियादी घर



आम्ही उभयता बहारीनला, मनामा शहराच्या माहूज भागात राहतो. तिथल्या एका जुन्या घराची हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

ज्या बेटावर विमानतळ आहे, त्या मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत सियादी या मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे राहते घर, बैठकीची इमारत आणि मशीद आहे. २०१२ साली युनेस्कोने मोती व्यवसायाच्या खुणा जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यात मुहर्रकच्या १७ इमारती आहेत, आणि त्यांतच ही वास्तू.

भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळ दगडाच्या. दगड हलका, भोकाभोकांचा. त्यावर जिप्समचा गिलावा. छपराला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजाने आणलेले खारफुटीचे वासे, वर बांबूच्या पट्ट्या, चटई आणि माती. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट.

या वैभवाला आपल्या मुंबईचाही हात लागला आहे. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत. बहारीनमध्ये १९६५ पर्यंत रुपयाच चालत असे. पुढे जपानचे कल्चर मोती आले, १९२९ ची मंदी आली आणि धंदा बसला. १९३२ साली तेल सापडले. मग लोकांनी सिमेंटची घरे बांधली आणि जुनी ओस पडली.

आता आमची चूक सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही कोकणातल्या आमच्या जांभ्याच्या घराला हौसेने सिमेंटचा गिलावा केला. दुसऱ्याच पावसाळ्यात आतून ओल चढली, पोपडे सुटले. कारण मुहर्रकला समजले. असा दगड ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडते. त्यात समुद्राचे मीठ असले तर ते आतच साठून दगडाचा भुगा करते. म्हणून तिथे दुरुस्तीला पुन्हा जुन्याच जातीचा गिलावा वापरतात. घाण आत ठेवून जखम वरून बंद करू नये, हे आम्ही शिकाऊ नर्सेसना वर्षानुवर्षे शिकवले, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र विसरलो!

विश्वस्तांना हात जोडून एकच विनंती. आपल्या सिनेगॉगच्या भिंतींना हात लावण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला दाखवावे. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा. खर्च थोडा जास्त येईल, पण नातवंडांना हीच भिंत हाताला लागेल.