जुन्या जोंगाचा श्वास



जबलपूरच्या अनेक मराठी घरांचा दिवस निर्माणीच्या भोंग्याने सुरू होत असे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाची निर्माणी १९४२ ची आणि वाहन निर्माणी १९६९ ची. जोंगा ही या शहराचीच लेक. मूळ आराखडा जपानच्या निस्सान पेट्रोलचा. नाव मात्र ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे. १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षे ही गाडी लष्करासाठी येथे तयार झाली. लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगा आता हौशी मंडळींच्या अंगणात उभ्या असतात. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालवताना दिसले, तेव्हापासून या हौसेला अधिकच भरती आली आहे.

जोंगाचे मूळ इंजिन निस्सानचे, सहा सिलिंडरांचे, ३९५६ घन सेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे. त्याची तहान न परवडल्याने बहुतेक मालक दुसरे डिझेल इंजिन बसवतात. काही जण त्यावर टर्बोही चढवतात. इंजिन बदलताना गिअरबॉक्स, रेडिएटर, माउंटिंग या सर्वांचा विचार होतो. दुर्लक्ष होते ते बोटभर जाडीच्या एका नळीकडे. तिला गॅरेजमध्ये ‘ब्रीदर’ म्हणतात. या व्याख्यानाचा विषय ती नळीच आहे, कारण तिच्यापायी चांगली इंजिने भंगारात गेली आहेत.

पिस्टनच्या रिंगा कितीही उत्तम असल्या तरी सिलिंडरमधील दाबाचा थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या पोटात, उतरतोच. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत न जळलेले इंधन असते, आम्ल असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. बहुतेक पाणी सायलेन्सरमधून निघून जाते. थोडे पोटात राहते. पौष-माघाच्या थंडीत गाडी रांझीहून सदरपर्यंत नेऊन परत आणली, इंजिन पुरते तापलेच नाही, की तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस साचतो. हा वायू बाहेर पडला नाही तर तेल नासते. आणि त्याला वाटच उरली नाही, तर तो स्वतः वाट काढतो.

ती वाट ऑइल सीलमधून जाते. गाडीखाली तेलाचे थेंब दिसतात, मालक गॅरेजला जातो, मागचे सील बदलले जाते. महिनाभराने पुन्हा थेंब. त्यासाठी दर वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिसऱ्या खेपेस इंजिनच ‘गेले’ असा निकाल लागतो. अशा वेळी पुष्कळदा असे आढळते की ब्रीदरची नळी चिखलाने तुंबलेली आहे, किंवा तेलाचा शिंतोडा उडतो म्हणून कोणीतरी तिला बूच मारलेले आहे. शंभर रुपयांच्या नळीचा दोष हजारो रुपयांच्या सीलच्या माथी मारला जातो.

वायू बाहेर काढण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे इंजिनाखाली लोंबणारी उघडी नळी. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू खेचला जातो. पण ही ओढ सुमारे ताशी ४० किलोमीटरच्या पुढेच कामाची. गोलबाजारच्या गर्दीत ती नळी नुसती लोंबत राहते, आणि नाल्याच्या पाण्यातून गाडी काढताना तिच्यातून पाणी पोटात शिरण्याचे भय. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांना नद्या ओलांडाव्या लागत. म्हणून त्यांच्यापैकी काहींची वायुव्यवस्था बंदिस्त करण्यात आली. पुढे १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात धुरकट हवेच्या भयाने नव्या मोटारींना हीच युक्ती लावली गेली. मोटारीतून निसटणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा या नळीतूनच जातो, हे तोवर ध्यानात आले होते.

बंदिस्त रीतीत हा वायू पुन्हा इंजिनातच जाळण्यास पाठवतात. पेट्रोल इंजिनात त्यासाठी एक लहानसा व्हॉल्व असतो. इंजिन मंद चालत असता मॅनिफोल्डमध्ये ओढ जोराची असते. तेव्हा व्हॉल्व वाट अरुंद करतो. भार वाढला की तो मोकळा होतो. एअर क्लीनरमधून गाळलेली स्वच्छ हवा दुसऱ्या बाजूने आत येते आणि पोट धुऊन निघते. मूळचे पेट्रोल इंजिन राखणाऱ्यांसाठी हाच उपाय श्रेष्ठ. व्हॉल्व मात्र जवळपास तेवढ्याच आकाराच्या इंजिनाचा हवा, आणि बसवल्यावर कार्बोरेटरचे मिश्रण पुन्हा जुळवून घ्यायला हवे; नाहीतर जादा हवेमुळे इंजिन मंद गतीवर अडखळते.

हाच व्हॉल्व डिझेलला लावणे ही नेहमीची चूक. डिझेल इंजिनाला सहसा पेट्रोलसारखी हवेची झडप नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ती ओढही नसते. तेथे पडद्याचा नियामक आणि तेल वेगळे करणारे भांडे लागते. टर्बो असेल तर मॅनिफोल्डमध्ये उलट दाब असतो. व्हॉल्वची नळी तेथे जोडली तर वायू बाहेर येण्याऐवजी दाब पोटात घुसतो. म्हणून टर्बोच्या डिझेलात नळी टर्बोच्या आधी, एअर फिल्टरनंतर जोडतात. टर्बोच्या पेट्रोल इंजिनात दोन वाटा ठेवतात आणि मॅनिफोल्डकडील वाटेत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व घालतात.

येथे एक धोका स्पष्ट सांगितलाच पाहिजे. डिझेल इंजिन तेलावरही चालते. जीर्ण इंजिनातून तेलाचे लोट हवेच्या मार्गात गेले तर ते स्वतःचेच तेल जाळत सुसाट सुटते. किल्ली फिरवूनही थांबत नाही. गाडी गिअरमध्ये घालून ब्रेक दाबणे किंवा हवेचे तोंड बंद करणे एवढेच हाती उरते. ते तोंड उघड्या तळहाताने झाकू जाणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. जाड सपाट फळी हवी.

तेल अडवणाऱ्या भांड्याला हौशी मंडळी ‘कॅच कॅन’ म्हणतात. बाजारात मिळणारी काही चकचकीत भांडी आतून चक्क रिकामी असतात. आत पडदे किंवा तारेची जाळी नसेल तर तेल थांबणार कशावर? नळी आखूड, रुंद आणि चढती असावी. मध्ये झोळ पडला की तेथे तेल-पाणी साचून वाट बुजते. काही जण नळीच्या टोकाला छोटे फिल्टर लावून ती बॉनेटखाली मोकळी सोडतात. खर्च कमी, पण गाडीत वास येतो आणि प्रदूषण होते ते निराळेच. इंजिन बदलण्यासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

कोणताही उपाय निवडण्यापूर्वी मोजमाप करावे. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तीत पाणी भरावे, एक टोक डिपस्टिकच्या भोकाला घट्ट जोडावे आणि इंजिन तापल्यावर पाणी पाहावे. दोन्ही बाजूंच्या पातळीत एक सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण एक मिलिबार दाब. बंदिस्त व्यवस्था नीट असेल तर मंद गतीवर पाणी किंचित इंजिनाकडे ओढले जाते. ते सारखे बाहेर ढकलले जात असेल, तर प्रथम नळ्या साफ कराव्यात. तरीही फरक पडला नाही, तर सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासावे. रिंगा झिजल्या असतील तर जगातला कोणताही कॅच कॅन त्या भरून देणार नाही.

आणि भांडे बसवलेच, तर दर तेलबदलीच्या वेळी, पावसाळ्यात व थंडीत त्याहून लवकर, ते उघडून रिकामे करावे. त्यात किती साचले हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे; इंजिनाचे वय त्या वहीतून कळते.