पाण्याखाली जाण्याआधी

गटाची सहल मालवण-तारकर्लीला ठरली की कुणीतरी विचारतंच, "ताई, पोहता येत नाही, मग समुद्राखाली कशी जाणार?" नवख्या माणसाला उथळ पाण्यातच नेतात आणि गाइड सोबत असतो. पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते. नाक मास्कमध्ये झाकलेलं, त्यामुळे श्वास तोंडाने. तो मात्र कधीच रोखायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते. कोंडून धरली तर फुफ्फुसाला इजा होते. कानाला दडे बसले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. आणि हो, तिथे अंगठा वर केला तर "मस्त" नव्हे, "वर चला" असा अर्थ!

आधी फॉर्मवर आजार विचारतात. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, दिवस गेलेत का. चारचौघींसमोर, त्यात गाइड पुरुष, पैसेही भरलेले. मग आपण सगळीकडे "नाही" लिहून मोकळ्या होतो. हे मला मुळीच पटत नाही. फॉर्म बाजूला नेऊन खरं लिहा. दिवस गेले असतील तर उतरायचंच नाही. सर्दी असली तरी नको, कान मोकळे होत नाहीत. होडीत बसून राहिलं तर कमीपणा कसला?

खाली दगडासारखं दिसतं ते प्रवाळ, बारीक जिवांची वसाहत. त्यावर पाय टेकू नका, तुकडा तर आणूच नका. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, तेव्हा तारीख दिवाळीनंतरची धरा.