विंडोज बदलताना क्रोममधले पासवर्ड

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या देवणीत ऑनलाइन फॉर्म भरणारे दुकानदार मला एकच विचारतात, क्रोममधले पासवर्ड राहतील का? आहे त्यावरच विंडोज ११ अपग्रेड केलं तर राहतात. फॉरमॅट मारला, अन् गूगल खात्याशी सिंक नसेल, तर गेले. क्रोमचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही. त्या कुलपाची किल्ली जुन्या विंडोजच्या खात्यात असते. म्हणून आधी पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा. पण ती सीएसव्ही फाइल उघडी असते बरं का, कुणीही वाचेल. अन् त्यात तुमचे एकट्याचे नाही, पोरांच्या महाडीबीटी शिष्यवृत्तीचेही पासवर्ड असतात. नव्या विंडोजमध्ये इम्पोर्ट झालं की फाइल लगेच उडवा. पेनड्राइव्हवरूनही, रिसायकल बिनमधूनही.