कोबाल्टवाचून अडायला नको
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘सेवानिवृत्तांचे आर्थिक नियोजन’ हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. कारण पंचवीस वर्षांच्या हिशेबात माझ्या नावावर एक जुनी बाकी आहे, ती आज चारचौघांत फेडायची आहे.

आपल्या मधल्या जिन्यातली एक मुलगी एम.एस्सी. झाली, तेव्हा तिचे वडील माझ्याकडे सल्ल्याला आले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “भाऊ, संशोधनात काय ठेवलं आहे? बँकेची परीक्षा द्यायला लावा.” त्यांनी ऐकलं. पोरीने वर्षभर ती पुस्तकं वाचली, मन लागलं नाही, आणि शेवटी हट्टाने पीएच.डी.साठी नागपूरला गेली. तिचं ते एक वर्ष माझ्या खात्यात नावे पडलं आहे.

गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी विचारलं, “बाई, तू नेमकं करतेस तरी काय?” तिने माझ्याच चहाच्या जुन्या कपावरचं बारीक भेगांचं जाळं दाखवलं. “काका, आतली माती आणि वरचा काचेसारखा लेप तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून लेप तडकला. माझं काम हेच आहे.”

मग तिने समजावलं ते असं. आपल्याकडची वीज पारससारख्या औष्णिक केंद्रातून येते. तिथे कोळसा जाळायचा, वाफ करायची, चक्र फिरवायचं. कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. इंधनघटात इंधन न जाळताच वीज मिळते. ही कल्पना 1839 च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यांनी मांडली. त्यातला ‘घन ऑक्साईड’ प्रकार म्हणजे चिनी मातीसारख्या तीन थरांची वडी. एका बाजूचा थर, म्हणजे कॅथोड, हवेतला ऑक्सिजन घेतो आणि त्याला विद्युतभार देतो. मधल्या झिर्कोनियाच्या थरातून तो पलीकडे जातो. तिथे हायड्रोजन भेटला की पाणी होतं, आणि सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून आपला दिवा लावून परत येतात. निम्म्याहून अधिक ऊर्जा वीज होऊ शकते. गंधक काढून स्वच्छ केलेला गोबरगॅससुद्धा याला चालतो.

अडचण तापमानाची. हे घट 800 ते 1000 अंशांवर चालवले तर सगळं साहित्य महाग पडतं. 600-700 वर आणावं तर कॅथोड सुस्तावतो. तिथे कोबाल्ट घातलेले पेरोव्स्काईट कामाला येतात. पेरोव्स्काईट हे उरल पर्वतात, तेही 1839 मध्येच, सापडलेल्या एका खनिजाचं नाव, आणि तशी रचना असलेल्या सगळ्या पदार्थांचंही. ही रचना आपल्या इमारतीसारखी आहे. खोल्या ठरलेल्या, भाडेकरू बदलता येतात. एका खोलीत लँथनम किंवा स्ट्रॉन्शियम, दुसरीत मँगनीज, लोखंड नाहीतर कोबाल्ट. ऑक्सिजनच्या काही खोल्या रिकाम्या राहतात, आणि त्यांतूनच ऑक्सिजन पुढे सरकतो.

कोबाल्ट हा भाडेकरू फार चपळ. पण तापला की शेजारच्या झिर्कोनियाच्या जवळपास दुप्पट फुगतो. घट चालू-बंद होत राहिला की थर सुटतो, तडकतो. माझ्या कपासारखा.

दुसरी गोष्ट मला, बँकवाल्याला, लगेच पटली. जगातला दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो देशाच्या खाणींतून निघतो, आणि त्यातल्या काही खाणींत लहान मुलं राबतात. 2018 मध्ये त्याचा भाव टनाला 90 हजार डॉलरच्या वर गेला, वर्षभरात 30 हजारांच्या आसपास घसरला. असा कर्जदार पहिल्या तिमाहीत कितीही चमकला तरी मी त्याची फाईल मंजूर केली नसती.

म्हणून जगभर कोबाल्टशिवायचे कॅथोड शोधले जातात. कोणी लोखंडाचे करतं, कोणी निकेलचे, कोणी तांब्याचे. आणि त्यातलं काही काम आपल्या विदर्भात झालं आहे, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं! नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. भोगा यांच्या गटाने निओडिमियम, सेरियम आणि तांब्याच्या ऑक्साईडचे कॅथोड तयार करून तपासले. 2010 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध आला. ही रचना म्हणजे पेरोव्स्काईटचीच चुलत भावंडं. त्या काळात आपण लोडशेडिंगला शिव्या घालत जनरेटरच्या डिझेलची वर्गणी गोळा करत होतो!

खोटी आशा दाखवत नाही. असा घट उद्या आपल्या गच्चीवर येणार नाही. कोबाल्ट काढला की चपळाई कमी होते, ती दुसऱ्या वाटेने भरून काढावी लागते. तीच तर परीक्षा. आपली पोरगी एकेक नमुना भाजते, शेकडो तास तापवत ठेवते, थोडा तरी बिघडला का ते मोजते. बहुतेक नमुने नापास होतात. ती वहीत तेही लिहून ठेवते. मी विचारलं, “कंटाळा येत नाही?” म्हणाली, “काका, नापास का झाला ते कळलं, म्हणजे तो नमुना वाया गेला नाही.”

छत्तीस वर्षं मी लोकांची पत तपासली. या पोरीची मात्र मला तपासता आली नाही.

तिचे आई-वडील समोर बसले आहेत. भाऊ, वहिनी, मी त्या दिवशी चुकलो. आणि इथल्या तरुण आई-बापांना एवढंच सांगतो, पोरं काही निराळं शिकतो म्हणाली तर सल्ला देण्याआधी त्यांना विचारा, “नेमकं काय करणार आहेस, सांग बरं.” चहा मांडा आणि पूर्ण ऐकून घ्या. मी हे दहा वर्षं उशिरा केलं.

तो तडकलेला कप मी फेकला नाही. रोज त्यातच चहा घेतो.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.