गहुलीचे नाईक व आपली नगरपालिका
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेपुढील भाषण)

आज आम्ही एका माणसाची हकीकत आपणांपुढें मांडणार आहों. ती पोवाडा म्हणून ऐकूं नये, हिशेब म्हणून ऐकावी. दुकानदार वर्षअखेर वही काढून एका बाजूस जमा व दुसऱ्या बाजूस नांवें लिहितो, तसेंच पुढाऱ्याचेंहि करावें. हार घालणें सोपें; वही तपासणें कष्टाचें. पण मत आपलें आहे, पट्टी आपण भरतों, तेव्हां वही तपासण्याचें कामहि आपलेंच आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत गहुली म्हणून बंजाऱ्यांचें लहान गांव आहे. चतुरसिंग नाईकांनीं तें वसविलें. त्यांचे नातू व फुलसिंग नाईकांचे चिरंजीव वसंतराव हे १ जुलै १९१३ रोजीं तेथें जन्मले. बंजारा समाज कोण, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुखभर नेणारे हे लोक. आगगाडी आली, सडका झाल्या आणि त्यांचा धंदा बुडाला. धंदा बुडाला तो बुडाला, वर इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याखालीं ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवरहि जन्मतःच चोर असल्याचा शिक्का बसला. तो कायदा जावयास १९५२ साल उजाडावें लागलें. ज्या समाजाच्या कपाळीं असा डाग लावला गेला, त्यांतील एका मुलानें पुढें सबंध राज्याचा कारभार केला, ही जमेची पहिली रक्कम आहे.

तांड्यावर नाईक म्हणजे नुसतें आडनांव नव्हे. भांडण मिटविणें, लग्नकार्यांत शब्द देणें, सरकारी शिपाई आला तर पुढें होऊन बोलणें, हें नाईकाचें काम. वसंतरावांस हा धडा घरींच मिळाला. शाळेसाठीं त्यांना गांवोगांव हिंडावें लागलें. पुढें नागपुरास मॉरिस कॉलेजांतून ते पदवीधर झाले व १९४० सालीं वकिलीची परीक्षा उतरले. आरंभीं अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या सहवासांत वकिली केली व मग ते पुसदला आले. पंजाबराव म्हणजे वऱ्हाडांतील बहुजनसमाजाच्या मुलांसाठीं शाळा व वसतिगृहें उघडणारे, अंबादेवीच्या देवळाचीं दारें अस्पृश्य बंधूंस खुलीं व्हावींत म्हणून झगडणारे पुढारी. १९४१ सालीं वसंतरावांनीं नागपूरच्या घाटे घराण्यांतील वत्सलाबाईंशीं लग्न केलें. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा तांड्याचा. त्या काळीं असें लग्न करणें म्हणजे दोन्हीं घरांनीं निखाऱ्यावर पाय ठेवणें होतें. जातिभेद मोडावा असें व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ. आपल्या चुलीपासून मोडणारे थोडे.

आतां मुख्य गोष्ट. वकिली करतां करतां १९४३ पासून ते पुसदच्या कृषिमंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९४६ सालीं पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नगरपालिका ही लहान वस्तु आहे असें कांहीं लोक समजतात. बंधूंनो, नळाला पाणी येतें कीं नाहीं, गटार वाहतें कीं तुंबतें, बाजारांत भाजी घेऊन बसणाऱ्या माळणीपासून किती पैसे घ्यावयाचे, चांभाराच्या व कुंभाराच्या आळींत दिवा लागतो कीं नाहीं, मुलांच्या शाळेचें छप्पर गळतें कीं धड आहे, हें सर्व नगरपालिकेंत ठरतें. दिल्लीचा कायदा आपल्या दारांत पोहोंचण्यास वर्षें लागतात; नगरपालिकेचा ठराव दुसऱ्या दिवशीं दारांत उभा असतो. शिवाय येथें पुढारी लपूं शकत नाहीं. चुकला तर रस्त्यांत भेटणारा पहिला माणूस त्यास विचारतो. राज्यकारभाराची खरी शाळा हीच आहे.

१९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें. श्रीमंताचें एक, मजुराचेंहि एकच. त्या निवडणुकींत वसंतराव पुसदहून तेव्हांच्या मध्यप्रदेशाच्या विधानसभेंत गेले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, तेथें सहकार व शेती हीं खातीं त्यांच्याकडे आलीं. १९६० सालीं महाराष्ट्र झाला व ते महसूलमंत्री झाले.

येथें पुसदच्या शाळेचा उपयोग झाला. १९६० सालीं स्थानिक कारभाराची घडी कशी बसवावी हें ठरविण्यास सरकारनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष वसंतराव होते. मार्च १९६१ मध्यें समितीनें २२६ शिफारशी केल्या. त्यांचा गाभा असा कीं, गांवास ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिति व जिल्ह्यास जिल्हा परिषद असावी. जिल्ह्याची परिषद बळकट असावी. कलेक्टर तींत नसावा व आमदार-खासदारांनींहि तींत बसूं नये. १९६१ चा कायदा याच धोरणावर झाला व १ मे १९६२ पासून ही व्यवस्था चालू झाली. कलेक्टर कचेरीच्या पायरीवर हात जोडून उभा राहणारा कुणबी, तेली, बंजारा, धनगर आंत खुर्चीवर बसून शाळा, दवाखाना व विहिरीचा पैसा वांटूं लागला. ही जमेची मोठी रक्कम होय.

५ डिसेंबर १९६३ रोजीं ते मुख्यमंत्री झाले व फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक, त्या पदावर राहिले. धान्याची टंचाई होती. तेव्हां १९६५ सालीं पुण्यास त्यांनीं जाहीर सांगितलें कीं, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यांत स्वयंपूर्ण न झाला तर मला फांसावर द्या. दोन वर्षांत तें सर्व साधलें असें नाहीं. पण आपल्या शब्दाचें माप त्यांनीं लोकांच्याच हातीं दिलें. संकरित ज्वारीचा प्रसार झाला. लोकांनीं तिच्या भाकरीला नांवें ठेवलीं, पण कणगी भरली. अकोल्याचें कृषिविद्यापीठ १९६९ सालीं निघालें व त्यास पंजाबरावांचें नांव मिळालें. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां दुष्काळी कामांवर एका वेळीं सुमारें ५० लाख माणसें होतीं. मागेल त्यास काम हें रोजगार हमीचें तत्त्व त्याच काळांत रुजलें व १९७७ सालीं त्याचा कायदा झाला. व्यापाऱ्याच्या हातून कापूस सोडवून सरकारनेंच खरेदी करावी, ही योजनाहि १९७२ च्या हंगामापासून आली.

आतां नांवेंची बाजू. ती लपविली तर आम्ही भाट ठरूं.

ज्या जिल्ह्यानें असा मुख्यमंत्री दिला, त्या यवतमाळांतील बहुतेक कापूस आजहि आकाशाकडे पाहून पिकतो. कापूस खरेदीच्या योजनेंत पुढें तोटा वाढला, चुकारे रखडले व शेवटीं ती मोडली. २००६ सालीं पंतप्रधानांना विदर्भांत येऊन सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची मदत जाहीर करावी लागली. त्या सहांत यवतमाळ होतें. कारण काय, तर कर्जानें गांजलेले शेतकरी जीव देत होते. हें सर्व एका माणसाच्या माथीं मारणें अन्याय होईल; तो १९७९ सालींच गेला. पण पिकाबरोबर पाणी व भाव यांची हमी बांधली गेली नाहीं, हें त्या काळच्या कारभाराचेंहि देणें आहे.

दुसरी बाब घराण्याची. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच, मग जिल्हा परिषदेचे अध्यक्ष व १९९१ सालीं मुख्यमंत्री झाले. पायरी पायरीनें चढले, हें चांगलें. जलसंधारणाचें स्वतंत्र खातें त्यांच्याच कारकीर्दींत निघालें, हेंहि चांगलें. परंतु १९५२ पासून आजपर्यंत पुसदची आमदारकी बहुतेक सर्व वेळ एकाच घरांत आहे. आम्ही कोणाच्या घराण्याचा द्वेष करीत नाहीं. लोकांनीं मतें दिलीं म्हणूनच तें घडलें. आमचा प्रश्न लोकांनाच आहे. जन्मानें मिळणारा मान नको असें म्हणणारे आपण, मत देतांना पुन्हां जन्मच पाहूं लागलों तर जुन्या वतनदारींत व नव्यांत फरक काय राहिला? तांड्याचा एक मुलगा वर गेला; त्याच वाटेनें दुसऱ्या तांड्याचा, सुताराचा, मजुराचा मुलगा जाऊं शकतो कीं नाहीं, हीच खरी परीक्षा.

आणि ती वाट कोठून जाते? नगरपालिका व जिल्हा परिषद यांतूनच. म्हणून सर्वांत मोठी काळजी हीच आहे. २०२२ सालीं राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढें वर्षानुवर्षें निवडणुकीवांचून प्रशासकांच्या हातीं कारभार राहिला. कोर्टांत वाद होते हें खरें. पण साठ वर्षांपूर्वीं ज्या खुर्चीवरून अधिकाऱ्यास उठवून आपला माणूस बसविला, त्या खुर्चीवर अधिकारी पुन्हां बसला आणि गांवांतून आवाज उठला नाहीं. वाट मोडल्यावर तीवरून चालणार कोण?

तेव्हां बंधु-भगिनींनो, मत मागावयास कोणी दारीं आला तर त्याची जात व आजोबा विचारूं नका. पालिकेचें अंदाजपत्रक तूं वाचलें आहेस काय, आमच्या आळीसाठीं त्यांत किती रक्कम आहे, सभेंत तूं किती वेळां बोललास, हें विचारा. आमच्या बहिणींनीं पाण्याचा हिशेब विचारावा, कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. आणि ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं असा शिकलेला गरीब मुलगा उभा राहिला, तर निदान त्याचें म्हणणें ऐकावयास तरी जा.

वसंतरावांचा जन्मदिवस महाराष्ट्रांत कृषिदिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं फोटोस हार घालावा. पण त्याच दिवशीं आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जमाखर्च मागून चारचौघांत वाचावा. गहुलीच्या नाईकांचें ऋण फेडण्याची ही रीत आम्हांस अधिक सरळ वाटते.