मैलाटाकीची परवानगी आणि शेजाऱ्याची विहीर



चिमूरचे नाव निघाले की महाराष्ट्राला १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. परक्या सत्तेला आव्हान देऊन तिच्या सूडाची जबर किंमत मोजणाऱ्या या गावात संडासाच्या टाकीवर व्याख्यान व्हावे, हे कोणाला औचित्याला सोडून वाटले तर नवल नाही. परंतु स्वातंत्र्यलढ्यातल्या कित्येकांना हा विषय हलका वाटला नव्हता. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात संडासाच्या सोप्या, स्वस्त रचनेसाठी वर्षेच्या वर्षे खर्ची घातली; ‘गोपुरी संडास’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी गोंदोडा याच तालुक्यात आहे, आणि त्यांच्या ग्रामगीतेत गावाच्या सफाईला प्रार्थनेच्या शेजारीच जागा आहे. तेव्हा प्रस्तावना एवढी पुरे.

भुयारी गटारांचे जाळे ही आजही मुख्यतः मोठ्या शहरांची मिरास आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागातील ३२.७ टक्के कुटुंबांचे संडास गटाराच्या नळाला जोडलेले आढळले, तर ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. तालुक्याच्या गावी तर टाकी किंवा खड्डा हीच मैलाव्यवस्था. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘सेफ्टी टाकी’ असे झाले आहे. हा अपभ्रंश गमतीचा असला तरी त्यामागची समजूत घातक आहे. टाकी मैला शुद्ध करीत नाही. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो, काही अंशी विघटन होते, आणि मधले पाणी रोगजंतू घेऊनच बाहेर पडते. त्याची पुढची शुद्धी व्हायची ती शोषखड्ड्याभोवतालच्या मातीत. अर्धे काम टाकीचे, उरलेले अर्धे जमिनीचे. आणि ती जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर कोठे संपते, हे पाण्याला ठाऊक नसते.

नियम नाहीत असे मुळीच नाही. भारतीय मानक क्रमांक २४७० आणि बांधकाम नियमावल्या यांत सारे तपशील आहेत. टाकीची आतली रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत. हवेच्या नळाच्या तोंडावर डासांना अटकाव करणारी जाळी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर. टाकीतून निघालेले पाणी शुद्ध केल्यावाचून उघड्या नालीत सोडण्यास मनाई. पाच माणसांच्या कुटुंबाला दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टाकी पुरते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी याच्या कित्येक पट मोठा खड्डा बांधतात, त्याचा तळ कोराच ठेवतात, आणि ‘वीस वर्षे बघायला नको’ म्हणून त्याची तारीफ होते. भर पडत असूनही जी टाकी भरत नाही ती गळत असते, एवढा साधा हिशेब कोणी मांडत नाही. मालकाचा उपशाचा खर्च वाचतो. तो शेजारच्या विहिरीवर चढतो. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात आणि पिगूने १९२० साली त्याची चर्चा केली, हे पुस्तकी ज्ञान बाजूला ठेवले तरी व्यवहार तोच राहतो.

आता परवानगीकडे वळू. गावात ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली आणि नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्यतः प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. टाकीची वेगळी परवानगी सहसा नसते. ती घराच्या नकाशातला एक लहानसा चौकोन असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घराला मोठी सवलत आहे: नकाशा, कागदपत्रे व शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी. एका सहीसाठी दहा हेलपाटे घालणाऱ्या माणसाला यात दिलासा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण टेबलावरचा अडथळा दूर करताना जागेवरची पाहणीही त्याबरोबर सुटून जाण्याची भीती आहे.

आणि पाहणी नेमकी अशाच भूखंडांवर हवी आहे. ३० फूट गुणिले ४० फूट हा सामान्य माणसाचा भूखंड घ्या. त्याचा कर्ण ५० फूट, म्हणजे सुमारे सव्वापंधरा मीटर. अठरा मीटरची अट या भूखंडाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतही बसत नाही! याचा अर्थ ही अट एकट्या घरमालकाने आपल्या कुंपणात पाळण्याची नव्हेच. ती पाळली जाते की नाही हे पाहायचे तर शेजारच्या, मागच्या आणि रस्त्यापलीकडच्या विहिरी व हातपंप नकाशावर आले पाहिजेत. घराच्या नकाशात टाकीचा चौकोन असतो, शेजाऱ्याच्या विहिरीचे वर्तुळ बहुधा नसते. ज्या दोन वस्तूंमधले अंतर मोजायचे, त्यांतली एकच कागदावर असेल तर पट्टी कोठे लावायची?

पाहणीची वेळही महत्त्वाची. वर स्लॅब पडला की तपासणाऱ्याला दिसते ते फक्त झाकण. खड्डा खणला असताना एकदा आणि टाकी बांधून झाल्यावर, झाकण्यापूर्वी एकदा, अशा दोन भेटी पुरेशा आहेत. पहिल्या भेटीत अंतर आणि माती पाहावी. मातीची चाचणी सोपी आहे: भोकात पाणी भरून पातळी २.५ सेंटीमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. तीस मिनिटांच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. साठांच्या वर गेली तर तेथे शोषखड्डा व्यर्थ आहे, दुसरी व्यवस्था हवी. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पाणी घटाघटा पिते आणि पावसाळ्यात फुगून तोंड मिटते, म्हणून चाचणीआधी जमीन भिजवून ठेवायची असते. दुसऱ्या भेटीत टाकी पाण्याने भरून दिवसभराने पातळी पाहावी. याला यंत्र लागत नाही, मोठा अभियंताही लागत नाही.

या दोन्ही भेटींच्या पलीकडे राहिलेली वस्ती मात्र विसरता येणार नाही. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी महसुली नोंद असलेल्या जमिनींवर पिढ्यांपासून घरे आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन असल्याचा निर्वाळा दिला आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट केंद्राच्या मंजुरीतून दाखवली. ही प्रक्रिया व्हायची तेव्हा होईल. तोवर ज्याची जमीन नियमित नाही त्याला बांधकामाची परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून त्याची टाकीही कोणी पाहत नाही. विनापरवाना घराकडून मालमत्ता कर घेताना ‘यामुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही’ असे लिहिले जाते. मग त्याच शेऱ्यासह टाकी का तपासता येऊ नये? कर घ्यायला अडत नाही ते विहीर वाचवायला का अडावे?

तपासणीचे नाव काढले की चिरीमिरीचे नवे कुरण, असा आक्षेप कार्यकर्त्यांतूनच येतो. तो खोटा नाही. आयर्लंडमधला अनुभव या बाबतीत बोलका आहे. घरगुती टाक्यांवर देखरेख न ठेवल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये त्या देशाला दोषी ठरवले. सरकारने २०१२ मध्ये नोंदणीचा कायदा आणला आणि नोंदणीला ५० युरो शुल्क ठरवले. ग्रामीण भाग खवळून उठला. अखेर लवकर नोंदणी करणाऱ्यांना ते ५ युरोंवर आणावे लागले आणि दुरुस्तीसाठी अनुदान ठेवावे लागले. लोकांचा राग तपासणीपेक्षा तिचा भुर्दंड आपल्या माथी येण्यावर अधिक होता. चिमूरमध्येही तपासणी निःशुल्क हवी, तिची तारीख व निष्कर्ष वॉर्डात फलकावर लागायला हवेत, आणि दोष निघाल्यास दंडाआधी दुरुस्तीची मदत हवी. ग्रामीण शौचालयाला स्वच्छ भारत अभियानाने १२,००० रुपये दिले. त्यात शोषखड्ड्याची जागा चुकली असेल तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी एकट्या लाभार्थ्याची कशी?

या प्रश्नाशी आणखी एका माणसाचा जीव बांधलेला आहे. टाकी केव्हातरी उपसावीच लागते, साधारणतः दोन ते तीन वर्षांनी. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. तरी माणसे उतरवली जातात, आणि उतरणारा कोणत्या जातीचा असतो हे येथे सांगण्याची गरज नाही. उपशाच्या गाडीचा नळ पोहोचेल असे झाकण नसलेली, गाडी जाणार नाही अशा बोळात बांधलेली टाकी मंजूर करणारा कागद त्या मृत्यूची पूर्वतयारीच करीत असतो. म्हणून परवानगी देतानाच गाडीचा रस्ता पाहिला पाहिजे.

वाई नगरपरिषदेने २०१८ पासून निराळा मार्ग धरला. टाकी तुंबल्यावर मालकाने गाडी बोलवायची ही रीत सोडून, तीन वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक घराची टाकी ठरल्या क्रमाने उपसायची. खर्च करातून भागवायचा आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. सुमारे ३६ हजार वस्तीच्या गावाला हे साधले. अशा फेरीत प्रत्येक टाकी कोणीतरी उघडून पाहतो, म्हणजे तपासणीही आपोआप होते. चिमूरला जिल्ह्याचा दर्जा मिळावा ही मागणी जुनी आहे आणि तिच्यासाठी मोर्चे पुष्कळ निघाले. उपशाच्या फेरीसाठी एखादा निघाला तर जिल्ह्याची वाट पाहावी लागणार नाही.

कार्यकर्त्यांनी सुरुवात एका वॉर्डापासून करावी. अठरा मीटरची दोरी घ्यावी, प्रत्येक विहीर आणि हातपंप यांच्याभोवती फिरवावी, आत येणारे शोषखड्डे कागदावर टिपावेत, झुडपी जमिनीवरची घरेही वगळू नयेत, आणि तो नकाशा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासह देऊन पोच घ्यावी. घरमालकाचे नाव चव्हाट्यावर आणू नये. तो बहुधा गवंड्याच्या भरवशावर असतो. हे काम उन्हाळ्यात, बांधकामे जोरात असताना उरकावे. आषाढात खड्डे आणि विहिरी दोन्ही भरल्यावर मोजायला गेले तर दोरी तेवढी भिजेल.